परत येणारा डबा : अन्नवितरण व्यवसाय आणि अपव्यय-निवारण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या न्यासाच्या वाटचालीत पन्नास वर्षे पूर्ण होणे ही आनंदाची, तशीच आत्मपरीक्षणाचीही घटना असते. व्यापारी समाजात वर्षअखेरीस वही बंद करताना जमाखर्च ताळ्यावर आणला जातो. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात तोच हिशेब अधिक मोठ्या कालपटावर मांडला जावा, हे उचितच होय. पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील जैन समाजाचा मोठा भाग धान्य, किराणा, फरसाण, मिठाई आणि तयार भोजनाचा पुरवठा या व्यवसायांत आहे. म्हणून या हिशेबासाठी अन्नाच्या वितरणात होणारा अपव्यय आणि त्यातून निसर्गाची होणारी हानी हा विषय घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा आठ तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या पश्चिमेस पश्चिम रेल्वे, १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि बोईसरची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. तेथे पाळ्यापाळ्यांनी हजारो कामगारांच्या पंक्ती उठतात. पूर्वेस जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. एकाच जिल्ह्यात एकीकडे शिजवलेले अन्न गटारात जाते आणि दुसरीकडे बालकाच्या वाट्याला पुरेसे अन्न येत नाही. ही विसंगती ज्या समाजाच्या हातून अन्नाची ने-आण होते, त्या समाजाला अस्वस्थ करील यात शंका नाही.

अपव्ययाचे मोजमाप

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घराघरांतून, २८ टक्के उपाहारगृहे व भोजनपुरवठा करणाऱ्यांकडून आणि १२ टक्के किरकोळ विक्रीतून वाया गेले. अन्नाच्या नासाडीतून निर्माण होणारे हरितगृह वायू हे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या ८ ते १० टक्के असल्याचे मानले जाते. कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू सुटतो आणि तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे.

जगाचे आकडे दूरचे वाटतात. म्हणून एक घरगुती गणित मांडून पाहावे. समजा, बोईसरमधील एखादा पुरवठादार दररोज एक हजार ताटे जेवण पोहोचवतो आणि प्रत्येक ताटामागे केवळ ५० ग्रॅम अन्न, म्हणजे दोन-तीन घास, वाया जाते. दिवसाकाठी हे ५० किलो झाले. कामाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला १५ टन. हे सर्व भातच आहे असे मानले, तरी सुमारे ५ टन तांदूळ मातीमोल झाला. एक किलो भात पिकवण्यास सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते असे कृषिशास्त्र सांगते. त्या हिशेबाने सव्वा कोटी लिटरहून अधिक पाणी त्या दोन-तीन घासांबरोबर वाहून गेले. सूर्या प्रकल्पाच्या पाण्यावर एकीकडे शेतकरी आणि दुसरीकडे वसई-विरार व मीरा-भाईंदरसारखी शहरे हक्क सांगत असताना, हे पाणी कोणाच्या तोंडचे होते याचा विचार व्हावयास हवा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्र ठरले होते. त्या प्रदूषणाचे प्रमुख कारण रासायनिक सांडपाणी होय. परंतु ज्या नाल्यांवर आणि खाड्यांवर आधीच असा भार आहे, त्यांत स्वयंपाकघरातील तेलकट पाणी आणि उरलेले अन्न सोडणे हे जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे. दुसऱ्याचा दोष मोठा आहे म्हणून स्वतःचा दोष लहान होत नाही.

अन्न उरते का?

अन्नाचा व्यापारी स्वभावतः उधळ्या नसतो. पैशाचा हिशेब ठेवणारा मनुष्य अन्नाची नासाडी मुद्दाम का करील? कारण शोधू गेल्यास ते व्यवहाराच्या रचनेत सापडते. कारखान्याच्या उपाहारगृहाचा ठेका घेणाऱ्यास जेवण कमी पडले तर दंड होतो, बोलणी खावी लागतात, प्रसंगी ठेकाही जातो. जेवण उरले तर कोणी विचारत नाही. पाळीवर किती कामगार येणार हा आकडा त्याच्या हाती उशिरा पडतो, तोवर चुलीवर आधण चढलेले असते. साहजिकच तो दहा माणसांचे अधिक रांधतो. त्याचा मुकादम आणखी पाच माणसांचे वाढवतो. वाढपी ताटात एक डाव अधिक टाकतो. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणा केलेला असतो आणि या सर्व शहाणपणाची बेरीज रात्री पिंपात पडते. ते पिंप पहाटे कोणी तिसराच उचलून नेतो. ज्याने रांधले, ज्याने मागणी नोंदवली आणि ज्याने पैसे दिले, त्या तिघांपैकी एकाच्याही दृष्टीस ते पडत नाही.

रोगाचे मूळ येथे आहे. अपव्यय ज्याच्यामुळे होतो त्याच्या डोळ्यांसमोर तो येत नाही, म्हणून तो वाढत जातो.

डबेवाल्यांचा धडा

याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर याला उलट असे एक उदाहरण सव्वाशेहून अधिक वर्षे चालत आले आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचा डबा कचेरीत पोहोचवण्याचे काम सुरू केले. पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातील कष्टकरी या व्यवसायात आले आणि १९५६ साली त्यांचाही एक धर्मादाय न्यास स्थापन झाला. २०२० च्या महामारीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले दररोज दोन लाखांच्या आसपास डबे वाहत असत. टाळेबंदीनंतर ही संख्या पुष्कळ घटली, तरी पद्धत टिकून राहिली. त्यांची अचूकता व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून शिकवली गेली. तथापि त्यांच्या पद्धतीतील एका गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

डबेवाल्याचा डबा परत येतो. सकाळी गेलेला डबा संध्याकाळी त्याच घरी, त्याच हातांत पोहोचतो. तो धातूचा असल्याने फेकावयाचे वेष्टन मुळातच नसते. वाहतूक लोकलने, सायकलने आणि हातगाडीने होत असल्याने इंधनाचा भारही अल्प असतो. पण याहून महत्त्वाचे हे की, डब्यात भाजी उरली असेल तर ती रांधणाऱ्या गृहिणीला दिसते. दुसऱ्या दिवशी ती एक पोळी कमी देते, किंवा भाजीत मीठ जपून घालते. अहवाल नाही, बैठक नाही. उरलेले अन्न स्वतःच निरोप घेऊन येते आणि चूक चोवीस तासांच्या आत दुरुस्त होते. २०१५ साली याच डबेवाल्यांनी समारंभांतील उरलेले चांगले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्यासाठी ‘रोटी बँक’ हा उपक्रम सुरू केला.

व्यापाऱ्याचे प्रतिक्रमण

परत येऊन पाहणे ही कल्पना जैन श्रावकाला नवी नाही. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे वळणे असा आहे. दिवसभरात जाणता-अजाणता घडलेल्या दोषांकडे सायंकाळी परत जाऊन ते मान्य करणे हा नित्यक्रम ज्या समाजात आहे, त्या समाजाच्या गोदामात, स्वयंपाकघरात आणि दुकानातही तोच क्रम का असू नये? दुकान वाढवण्यापूर्वी गल्ला मोजला जातो; त्याच वेळी उरलेले आणि खराब झालेले अन्न तराजूवर घालून त्याचे वजन वहीत लिहिले जावे. कच्चे किती खराब झाले, शिजवलेले किती उरले आणि ताटातून किती परत आले, असे तीन रकाने पुरेत. महिनाभर ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली तर कोणत्या वारी, कोणत्या पाळीला, कोणता पदार्थ उरतो हे दिसू लागेल. पुरवठादाराने तो आकडा कारखान्याच्या व्यवस्थापकापुढे ठेवला तर उपस्थितीची संख्या वेळेवर मागणेही त्याला सोपे जाईल. ठेका ठरवतानाच आदल्या रात्री संख्या कळवण्याची अट घालून घेता येते. भात आणि पोळ्या एकदम न करता दोन-तीन घाण्यांत करता येतात, म्हणजे शेवटचा घाणा प्रत्यक्ष उपस्थिती पाहून चढतो.

गोदामातही हाच विवेक लागू पडतो. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत, अधिक काळ साठवलेल्या धान्याला सोंडे आणि पोरकिडे लागतात. मग विषारी धुरी देण्याची वेळ येते आणि असंख्य जीवांची हिंसा घडते. ती हिंसा धुरीच्या दिवशी घडली असे दिसत असले, तरी तिचा आरंभ गरजेहून अधिक माल भरला त्या दिवशीच झालेला असतो. अपरिग्रह हे व्रत केवळ मुनींसाठी नाही. व्यापाऱ्याच्या गोदामात त्याचा अर्थ खपेल तेवढाच साठा, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचलेली पोती आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढण्याची शिस्त असा होतो.

पदार्थाच्या काळमर्यादेचा विचार जैन परंपरेने छापील मुदतीच्या कितीतरी आधी केला. श्वेतांबर परंपरेत पीठ व मिठाई यांना पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवसांची मर्यादा सांगितली जाते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा याहूनही कमी आहे. हवेतील ओलावा वाढला की पदार्थ लवकर बिघडतो हे निरीक्षण त्यामागे स्पष्ट दिसते. फरसाण आणि मिठाईच्या व्यापाऱ्याने ऋतू पाहून घाणा लहान-मोठा केला, तर धर्म आणि धंदा दोन्ही राखले जातात.

तळणीच्या तेलाचीही अशीच कथा आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापलीकडे गेलेले तेल खाण्यास अयोग्य ठरते. असे तेल गटारात ओतल्यास पाण्याची वाट तुंबते आणि स्वस्तात विकल्यास ते गोरगरिबांच्या कढईत शिरते. ते अधिकृत संकलकाकडे दिले तर त्यापासून जैवइंधन तयार होऊ शकते.

वाहतुकीत परतीची फेरी महत्त्वाची ठरते. मनोर किंवा चिल्हार फाट्याहून माल घेऊन बोईसरला आलेला टेंपो पुष्कळदा रिकामा परत जातो. तीन दुकानदारांनी एकत्र मागणी नोंदवली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी पुन्हा वापरता येणारे क्रेट आणि डबे घेतले आणि तेच परतीच्या फेरीत धाडले, तर डिझेल वाचते आणि वेष्टनाचा कचराही होत नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये थर्माकोल व प्लॅस्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यावर कागदी ताट हा पुरता उपाय नव्हे, कारण अनेकदा त्यालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. धुऊन पुन्हा वापरता येणारे स्टीलचे ताट हाच जुना आणि निर्दोष मार्ग होय.

उरलेच तर काय करावे?

एवढे करूनही काही अन्न उरेल. त्याची वाट क्रमाने ठरलेली असावी : प्रथम माणसाला, मग प्राण्याला आणि शेवटी मातीला. माणसाला द्यावयाचे अन्न चांगल्या अवस्थेत असतानाच दिले पाहिजे. अतिरिक्त अन्नाचे संकलन व वितरण कसे व्हावे यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र विनियम केले आहेत. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवले नाही, तर त्यात जंतूंची वाढ वेगाने होते. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पातील अनेक आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना जेवणानंतर विषबाधेचा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ते जेवण बोईसरजवळच्या कांबळगाव येथील मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून गेले होते. कोणाला दोष देण्यासाठी हा प्रसंग येथे सांगितलेला नाही. दूर अंतरावर शिजवलेले अन्न पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती लेकरांचे आरोग्य असते, एवढे भान त्याने द्यावे. दुपारचे अन्न रात्री विटू लागल्यावर पाड्यावर पाठवून देणे याला दान म्हणता येणार नाही. उरलेले देणे हे फार तर प्रायश्चित्त होय. दानासाठी ताजे अन्न वेगळे काढावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या बालकांचा प्रश्नही कोणाच्या उष्ट्या-उरल्यातून सुटणारा नाही.

प्राण्यांना घालतानाही विवेक हवा. शिजवलेला भात किंवा गोडधोड एकाच वेळी मोठ्या प्रमाणात गायीपुढे टाकल्यास तिच्या पोटात आम्लता वाढते व प्रसंगी ती दगावते. पांजरपोळास अन्न धाडण्यापूर्वी तेथील पशुवैद्याचा सल्ला घेणे हीच खरी जीवदया. भाज्यांची देठे-साले आणि खाण्यास अयोग्य झालेले अन्न खतासाठी किंवा वायूसाठी वापरावे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र विकसित केले. २०१३ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. या संयंत्रात ओला कचरा प्रथम हवेच्या व गरम पाण्याच्या साहाय्याने पचवला जातो, नंतर बंद टाकीत त्यापासून वायू तयार होतो आणि शेवटी उत्तम खत उरते. माथेरानसारख्या गावी हे संयंत्र उभारले गेले. अनेक उपाहारगृहे जेथे शेजारीशेजारी आहेत अशा औद्योगिक वसाहतीत असे सामायिक संयंत्र अशक्य नाही. मोकळ्या ढिगाऱ्यातून जो मिथेन आकाशात जाऊन अपाय करतो, तोच येथे चुलीत जळून उपयोगी पडतो.

आरंभ घरातून

हे सर्व व्यापाऱ्याने करावे असे म्हणत असताना समाजाच्या स्वतःच्या पंक्तीकडेही पाहिले पाहिजे. ताट धुऊन ते पाणी पिण्याची प्रथा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. उष्टे पडून राहिले तर दोन घटिकांत, म्हणजे ४८ मिनिटांत, त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते ही श्रद्धा तिच्या मुळाशी आहे. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे हे उणोदरी तप आणि पदार्थांची संख्या मर्यादित ठेवणे हे वृत्तिसंक्षेप तप म्हणून गौरवले गेले. तरीही साधर्मिक वात्सल्याच्या किंवा विवाहाच्या भोजनात पदार्थांची संख्या वाढत गेली, थाळ्या अर्ध्या भरलेल्या परत येऊ लागल्या आणि कमी पडले तर नाव जाईल या धास्तीने पातेली भरत राहिली. कारखान्याचा ठेकेदार दंडाला भितो, यजमान लोकनिंदेला भितो. दोघांच्याही पिंपात सारखेच अन्न पडते.

याच समाजात आयंबिलाच्या वेळी अनेक ठिकाणी आदल्या दिवशी नावे नोंदवली जातात आणि तेवढ्याच तपस्वींसाठी रांधले जाते. तेथे अन्न फारसे उरत नाही आणि कोणाचा मानही कमी होत नाही. हीच पद्धत मोठ्या भोजनास लावणे कठीण नाही. पंक्ती संपल्यावर उरलेल्या अन्नाचे वजन करून ते यजमानांस व कार्यकर्त्यांस सांगितले जावे. भोजनशाळेच्या दारातील फलकावर देणगीदारांची नावे असतात. त्याच फलकाच्या एका कोपऱ्यात आजचे वाया गेलेले अन्न इतके किलो, असा एक आकडा रोज लिहिला गेला, तर तो आकडा काही काळाने आपोआप घटू लागेल. कारण तो वाचणाऱ्यांतच ते अन्न टाकणारे असतील.

निष्कारण घडणारी हिंसा टाळण्यासाठी श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण व्रत सांगितले आहे. पोट भरण्यासाठी जी अपरिहार्य हिंसा होते तिला काही अर्थ तरी असतो. जे अन्न पिकले, दळले, शिजले आणि कोणाच्याही मुखी न लागता फेकले गेले, त्यातील पाण्याची, अग्नीची, वनस्पतीची आणि त्रस जीवांची सारी हिंसा निरर्थक ठरते. पन्नास वर्षांपूर्वी या परिसरात आलेल्या पिढीने व्यापारात सचोटीचे नाव मिळवले ते चोख मापामुळे. तेच माप आता देण्याबरोबर टाकण्यालाही लावले जावे, हीच सुवर्णमहोत्सवाची सार्थकता होईल.

जय जिनेंद्र.